मे महिन्यात नाला वाहतो तो कशाने?

एप्रिल सरत आला की मुंबईत एक ठरलेला कार्यक्रम सुरू होतो. नाल्याच्या काठाशी गाड्यांचा ताफा थांबतो, अधिकारी नकाशा उलगडतात, मंत्री नाहीतर पदाधिकारी कठड्यावरून खाली वाकून पाहतात. खाली पोकलेन गाळाचा एक घास उचलून डंपरमध्ये टाकते. कॅमेरेवाल्यांचे समाधान झाले की मंडळी पुढच्या नाल्याकडे निघतात. संध्याकाळी आकडा येतो, अमुक टक्के गाळ निघाला. विरोधक सांगतात, निम्मासुद्धा निघालेला नाही. मग पहिला मोठा पाऊस कोणाच्या बाजूने निकाल देतो याची वाट पाहत दोघेही बसतात.

या पाहणी दौऱ्यांच्या छायाचित्रांत एक गोष्ट दर वर्षी ठळक दिसते, आणि तिच्याबद्दल कोणी विचारत नाही. पोकलेनचे पट्टे पाण्यात बुडालेले असतात. काळे, जाड, मधूनच बुडबुडे सोडणारे पाणी. पाऊस ऑक्टोबरात परतला, त्यानंतर सहा-सात महिने थेंब पडलेला नाही. आणि हा नाला तर बांधला आहे फक्त पावसाचे पाणी वाहून न्यायला. महापालिकेच्या दप्तरी त्याचे नावच ‘पर्जन्यजलवाहिनी’. तो मे महिन्यात वाहतो तो कशाने?

उत्तर नाकाला केव्हाच कळलेले असते.

मुंबईची रचना कागदावर चांगली आहे. लंडन-पॅरिससारख्या जुन्या युरोपीय शहरांच्या बऱ्याच भागांत पावसाचे पाणी आणि घरातले सांडपाणी एकाच भुयारातून जाते. मुंबईत दोन वेगळी जाळी आहेत, दोन वेगळी खाती आहेत. संडास-मोरीचे पाणी मलवाहिन्यांतून उदंचन केंद्रांकडे, म्हणजे पंपिंग स्टेशनांकडे, आणि तिथून प्रक्रिया केंद्रांकडे जायचे. पावसाचे पाणी रस्त्याकडेच्या गटारांतून नाल्यात आणि नाल्यातून थेट समुद्रात. पावसाच्या पाण्यावर वाटेत कसलीही प्रक्रिया नाही, कारण ते मुळात स्वच्छ असेल असे गृहीत धरलेले आहे. या व्यवस्थेची एकच अट आहे. एका जाळ्यातले पाणी दुसऱ्यात शिरता कामा नये. ती अट मोडून कित्येक दशके झाली आणि खुद्द महापालिकेचे हिशेब ते मान्य करतात.

मिठी नदीच्या सुधारणेतले एक काम त्यासाठी पाहावे. सफेद पूल नाला आणि बापट नाला हे मिठीला येऊन मिळणारे दोन नाले. त्यांचे पाणी नदीत पडण्याआधी अडवून सुमारे साडेसहा किलोमीटरच्या बोगद्यातून धारावीच्या प्रक्रिया केंद्राकडे न्यायचे असे हे काम. बोगदा आखला आहे दिवसाला १६८ दशलक्ष लिटर पाण्यासाठी. इंजिनीयर मंडळी या पाण्याला ‘डीडब्ल्यूएफ’ म्हणतात, म्हणजे कोरड्या दिवसांतला प्रवाह. पाऊस नसताना, दोन पावसाळी नाल्यांतून, रोज जवळपास १७ कोटी लिटर. हे पाणी आकाशातून आलेले नाही. घराघरांतल्या, कारखान्यांतल्या, हॉटेलांतल्या नळांतून येऊन, वापरून, नको तिथे सोडलेले हे पाणी आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशातल्या प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी काढली तेव्हा ३५१ पैकी ५३ पट्टे महाराष्ट्रातले होते, आणि पवई ते धारावी हा मिठीचा पट्टा सर्वांत वाईट गटात होता. तिथला बीओडी, म्हणजे पाण्यातली घाण कुजताना किती प्राणवायू खाते त्याचे माप, लिटरमागे २५० मिलिग्रॅमपर्यंत गेलेला. आंघोळीच्या पाण्याला मर्यादा आहे ३ मिलिग्रॅमची. शहरातल्या प्रक्रिया न केलेल्या मैलापाण्याचे माप साधारण २०० ते ३०० असते. थोडक्यात, नदी म्हणून नकाशावर जी निळी रेघ आहे ती व्यवहारात उघडी मलवाहिनी आहे.

आणि तरीही दर मे महिन्यात चर्चा होते ती पाणी किती वेगाने बाहेर जाईल याची. त्या पाण्यात काय आहे याची नाही. हे दोन वेगळे प्रश्न आहेत असे समजून महापालिका चालते, माध्यमेही त्याच वाटेने जातात. खरे तर ते एकच आहेत.

मुंबईच्या किनाऱ्यावर पावसाळी पाणी समुद्रात, खाडीत सोडणारी १८६ पातमुखे आहेत. त्यांतली ४५ समुद्राच्या सरासरी पातळीच्याही खाली आहेत. १३५ सरासरी पातळीच्या वर, पण भरतीच्या पातळीखाली. भरती कितीही चढली तरी मोकळी राहतील अशी पातमुखे किती? सहा. म्हणजे मोठ्या भरतीला पाऊस आला तर शहराची जवळपास सगळी तोंडे समुद्राने बंद केलेली असतात. पूरदरवाजे लावले नाहीत तर समुद्र आत येतो, लावले तर आतले पाणी आतच राहते. हिंदमाता, मिलन सबवे, किंग्ज सर्कल, अंधेरी सबवे ही तुंबणाऱ्या ठिकाणांची नावे ज्यांच्या तोंडी आहेत त्यांना हे गणित वेगळे सांगायला नको. पण तुंबलेले पाणी म्हणजे नाल्यात आधीपासून असलेल्या मैल्यात मिसळलेला पाऊस, ही पुढची पायरी कोणी मोजत नाही. गुडघाभर पाण्यातून चालत घरी गेलेल्या माणसाला महापालिकेचे आरोग्य खाते नंतर काय सांगते? चोवीस ते बहात्तर तासांच्या आत डॉक्टरांच्या सल्ल्याने डॉक्सिसायक्लिन घ्या. लेप्टोचा धोका आहे. २००५ च्या पुरानंतर लेप्टोस्पायरोसिसने शहराला जे तडाखे दिले त्यातून हा धडा आला. शहराने आपल्या पावसाच्या पाण्यावर गोळी लिहून देण्याची पद्धत रूढ केली, आणि तिच्यात कोणाला काही चमत्कारिक वाटेनासे झाले आहे.

२६ जुलै २००५ ची आठवण काढल्याशिवाय मुंबईतल्या पाण्यावर लिहिता येत नाही. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस, त्याच दिवशी कुलाब्याला जेमतेम ७३. त्यानंतर जलतज्ज्ञ माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती बसली, मिठी नदीसाठी प्राधिकरण निघाले, आणि एक जुना अहवाल धूळ झटकून बाहेर काढण्यात आला. ‘ब्रिमस्टोवॅड’ नावाचा हा अहवाल १९८५ च्या पुरानंतर मागवला गेला होता आणि १९९३ मध्ये तयार होता. बारा वर्षे तो बहुतांशी कपाटात पडून राहिला. २००७ मध्ये केंद्राने त्यासाठी १२०० कोटी रुपये मंजूर केले.

त्या अहवालातले एक वाक्य, किंवा खरे तर एक गृहीतक, जरा थांबून पाहण्यासारखे आहे. ब्रिटिश काळातल्या वाहिन्या ताशी २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधल्या होत्या आणि त्या वेळी धरले होते की पडलेल्या पावसापैकी निम्मा जमिनीत मुरेल. ब्रिमस्टोवॅडने क्षमता ताशी ५० मिलिमीटर केली, हे सगळ्यांना ठाऊक आहे. कमी ठाऊक आहे ते हे की त्याने मुरणाऱ्या पाण्याचा हिस्सा शून्यावर आणला. जेवढे पडेल तेवढे सगळे नाल्यात येईल असे धरा, असा हा हिशेब. इंजिनीयर म्हणून तो प्रामाणिक होता, कारण शहर तसेच झाले होते. पण एकदा हा आकडा मान्य केला की मग मैदान, बाग, झाडाचे आळे, पाणथळ, खाजण यांना पाण्याच्या हिशेबात जागाच उरत नाही. आता तर रस्ते कडेपासून कडेपर्यंत काँक्रिटचे होत आहेत आणि झाडांच्या बुंध्यांनाही सिमेंटचा गळफास बसतो, मग नागरिकांनी ओरड केली की एखादा मुकादम येऊन तो फोडतो. जमिनीतून जाणारे पाणी सावकाश जाते आणि वाटेत गाळले जाते. काँक्रिटवरून जाणारे पाणी तेल, रबराची भुकटी, कुत्र्यांची विष्ठा, पानाच्या पिचकाऱ्या, प्लास्टिक असे सगळे बरोबर घेऊन दहा मिनिटांत नाल्यात पोहोचते.

मुंबईला हा प्रश्न नवा नाही, हेही नोंदवले पाहिजे. हॉर्नबी वेलार्ड बांधून अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात समुद्राला महालक्ष्मी-वरळीपाशी अडवले गेले आणि त्यामागची सखल जमीन वस्तीला मिळाली. त्या जमिनीचे पाणी वरळीच्या झडपांकडे नेणारा उघडा ‘मेन ड्रेन’ एकोणिसाव्या शतकात इतका सडला की त्यावर अहवालामागून अहवाल लिहिले गेले. हेन्री कॉनीबेअर या इंजिनीयरने १८५२ मध्ये मुंबईच्या आरोग्यस्थितीवर अहवाल लिहिला. हाच कॉनीबेअर पुढे विहार तलावाचा शिल्पकार झाला. १८६० मध्ये विहारचे पाणी मुंबईला मिळू लागले. विहारचा सांडवा पुढे मिठीला मिळतो. शहराला नळाने स्वच्छ पाणी देणारा माणूस आणि शहराच्या घाणीवर अहवाल लिहिणारा माणूस एकच होता, त्यामुळे बहुधा त्याला उमगले असावे की पाणी शहरात जेवढे आणाल तेवढे मैले होऊन कुठेतरी बाहेर पडणार. आज भातसा, वैतरणा, तानसाहून शंभर-शंभर किलोमीटर लांबून पाणी आणणाऱ्या शहराला ही साधी बाब उमगलेली दिसत नाही. नळजोडणी झाली की काम संपले. वापरलेले पाणी कुठे गेले ते नाल्याला माहीत.

मग हे सांडपाणी नाल्यात सोडते कोण? चहाच्या टपरीवर विचारा, की वातानुकूलित खोलीत विचारा, उत्तर एकच मिळेल: झोपडपट्टी. हे उत्तर अर्धे खरे आहे आणि अर्ध्या सत्याइतकेच सोयीचे. २०११ च्या जनगणनेनुसार मुंबईतले ४० टक्क्यांहून अधिक लोक झोपडपट्टीत राहत होते. त्यांच्या कित्येक वस्त्यांपर्यंत महापालिकेने मलवाहिनी नेलीच नाही. सार्वजनिक शौचालयाची टाकी भरली की ती वाहते, आणि वाहते ती शेजारच्या गटारात. ज्याच्या घरापर्यंत वाहिनी आली नाही त्याने आपले पाणी न्यायचे तरी कुठे? दुसरीकडे ज्यांच्या दारात मलवाहिनी आहे अशा कितीतरी इमारती, हॉटेले, गॅरेज आणि कारखाने यांनी आपला पाइप जवळच्या पावसाळी गटारात घुसवलेला असतो, कारण तो जवळ पडतो आणि तपासायला कोणी येत नाही. जोगेश्वरी-गोरेगावकडच्या तबेल्यांचे शेण, कुर्ल्याकडच्या भंगारवाल्यांनी धुतलेल्या तेलाच्या पिंपांचे पाणी, हेही त्याच वाटेने जाते. कुलूप लावायचे तर सगळ्यांच्याच पाइपांना लावावे लागेल.

फरक डोळ्यांनी पाहायचा तर बोरिवलीला जावे. दहिसर नदी तुळशी तलावाच्या बाजूने निघते आणि संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातून खाली येते. उद्यानाच्या हद्दीत पावसाळ्यानंतरचे काही महिने ती खडकांवरून वाहते तेव्हा तळाचे गोटे दिसतात. कठड्यावर बसून पाय पाण्यात सोडता येतात. उद्यानाची भिंत ओलांडली आणि वस्ती सुरू झाली की थोड्याच अंतरात तिचा रंग बदलतो. पुढे दौलतनगरपर्यंत येईतो ती नदी उरलेलीच नसते, लोक तिला नाला म्हणतात आणि नाक दाबून पूल ओलांडतात. डोंगर तोच, पाऊस तोच, उतारही तोच. बदलले ते एवढेच की काठाने पाइप आले. कुठल्या पाइपाने, कुठल्या घरातून, हे शोधायला उपग्रह लागत नाही. दोन माणसे, एक टॉर्च आणि पाण्यात घातलेला थोडा रंग पुरतो.

पावसाळी पाणी उपसणाऱ्या उदंचन केंद्रांना दाद द्यायलाच हवी. हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया, गझदरबांध अशी सहा केंद्रे उभी राहिली. भरतीच्या वेळी दरवाजे लावून आतले पाणी उपसून समुद्रात फेकण्याचे काम ती करतात. दादरच्या प्रमोद महाजन कला पार्कच्या आणि परळच्या सेंट झेवियर्स मैदानाच्या खाली टाक्या बांधल्या आणि हिंदमाताचे पाणी काही वेळ तिथे कोंडून ठेवण्याची सोय झाली. हिंदमाताला आता पूर्वीइतका वेळ पाणी राहत नाही, हे तिथले दुकानदारही मान्य करतील. माहुल आणि मोगरा ही केंद्रे मात्र जागेच्या आणि परवानग्यांच्या फेऱ्यात अडकत राहिली आणि कुर्ला, चेंबूर, अंधेरीने त्याची किंमत दिली. पंप हवेत, अधिक हवेत, त्यात दुमत नाही. पण पंप पाण्याला विचारत नाही की तू पावसाचे की मोरीचे. तो नाल्यात असेल ते अधिक जोराने समुद्रात फेकतो. कोरड्या महिन्यांत तळाशी साचलेला मैला जूनच्या पहिल्या जोरदार सरीत एकदम उठतो आणि पहिल्या तासात शहराच्या सगळ्या पातमुखांतून बाहेर पडतो. त्यानंतरच्या मोठ्या भरतीला समुद्र त्यातले प्लास्टिक मरीन ड्राइव्हच्या रस्त्यावर आणून टाकतो. वेसाव्याचे, वरळीचे, माहीमचे कोळी तेच डोल जाळ्यांतून काढतात. माशांच्या आधी पिशव्या वेगळ्या करायच्या, मग मासळी.

गाळाचेही तसेच. नाल्यात डोंगरावरची माती आली असती तर ती तांबडी असती. पोकलेन जे काढते ते काळे असते, कारण त्यात मोठा वाटा कुजलेल्या मैल्याचा असतो. वर्षभर मैला येत राहील तोवर वर्षभर गाळ होत राहील, आणि दर मे महिन्यात तो काढण्याचे कंत्राट निघत राहील. मिठीच्या गाळाच्या कंत्राटांत सुमारे ६५ कोटींचा घोटाळा झाल्याचा गुन्हा मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने मे २०२५ मध्ये नोंदवला. न काढलेला गाळ काढल्याचे दाखवले, असा आरोप आहे. त्याचा निकाल न्यायालयात लागेल. पालिकेने आता डंपरचे वजन, चित्रफिती, अगदी कृत्रिम बुद्धिमत्तासुद्धा कामाला लावली आहे, की गाळ खरोखर निघाला का ते कळावे. एवढी हुशारी गाळ मोजण्यात खर्च करण्यापेक्षा त्यातली थोडी तो येतो कुठून हे शोधण्यात लागली असती, तर आज निविदा लहान झाल्या असत्या. अर्थात लहान निविदा कोणाला हव्या असतात हा वेगळा प्रश्न.

शिवाय कंत्राटाचे वेळापत्रक पावसाला बांधील नाही. नालेसफाईची मुदत ३१ मे. २०२५ मध्ये मोसमी पाऊस मुंबईत २६ मे रोजीच दाखल झाला. कुलाब्याने त्या महिन्यात पावसाचा शतकभराचा विक्रम मोडला आणि नुकत्याच सुरू झालेल्या भुयारी मेट्रोच्या आचार्य अत्रे चौक स्थानकात पाणी शिरले. किती काम बाकी होते, यावर मग वाद चालला. नाला जर मे महिन्यात कोरडा असता तर हा वादच झाला नसता.

प्रक्रिया केंद्रांची मोठी योजना आता मार्गी लागली आहे. वरळी ५००, मालाड ४५४, धारावी ४१८, वांद्रे ३६०, घाटकोपर ३३७, भांडुप २१५, वर्सोवा १८० अशी सात नवी केंद्रे, एकूण दिवसाला २४६४ दशलक्ष लिटर. जानेवारी २०२३ मध्ये त्यांची पायाभरणी झाली. वरळी आणि वांद्रे इथून आजवर मैलापाणी जाळ्यांतून गाळून, रेती काढून, साडेतीन किलोमीटरच्या आसपास आत समुद्रात सोडले जात होते. बाकी काम समुद्राने करायचे होते. नव्या केंद्रांनी हे चित्र बदलेल. पण प्रक्रिया केंद्र त्याच्यापर्यंत येणाऱ्या पाण्यावरच प्रक्रिया करते. जे पाणी नाल्यात पडते ते केंद्राच्या दारात जातच नाही. मिठीवर केले तसे बोगदे खणून नाल्याचे तोंड केंद्राकडे वळवता येईल, कोरड्या महिन्यांत ते कामही करेल. पावसाळ्यात मात्र नाल्याचा लोंढा त्या बोगद्याच्या कितीतरी पट असणार, तो बोगद्यावरून ओसंडून सरळ नदीत जाणार, मैल्यासकट. घरापासून मलवाहिनीपर्यंतचा शेवटचा पाइप बदलणे हाच खरा इलाज. तो कंटाळवाणा आहे. गल्लीगल्लीत, बोळाबोळात, भांडणे मिटवत करायचा. त्याला फीत कापायला जागा नाही.

हे शक्य नाही असे म्हणणाऱ्यांनी सिंगापूरकडे पाहावे. मुंबईसारखेच बंदर, वर्षभर पडणारा विषुववृत्तीय पाऊस, भरतीच्या पाण्याशी झुंज. फेब्रुवारी १९७७ मध्ये पंतप्रधान ली क्वान यू यांनी दहा वर्षांत सिंगापूर नदी आणि कलांग खोरे स्वच्छ करायचे असे फर्मान काढले. डुकरांचे गोठे हलवले, रस्त्यावरच्या खाद्यविक्रेत्यांना पाणी आणि गटार असलेली मंडई बांधून दिली, हजारो कुटुंबांना घरे देऊन हलवले, नदीकाठच्या प्रत्येक सांडपाण्याला मलवाहिनीची वाट दिली. १९८७ मध्ये काम झाले. त्यानंतर एकवीस वर्षांनी, २००८ मध्ये, नदीच्या मुखावर मरीना बराज उभे राहिले. नऊ पोलादी दरवाजे, सात प्रचंड पंप. भरती असली की पंप, ओहोटी असली की दरवाजे. मुंबईच्या उदंचन केंद्रांचेच तत्त्व. फरक असा की तिथे आधी नाल्यातली घाण थांबवली आणि मग पंप बसवले. त्यामुळे बराजच्या आत साठते ते पाणी आज सिंगापूर पिण्यासाठी शुद्ध करून वापरते. तिथली जबरदस्ती मुंबईला मानवणार नाही आणि मानवूही नये. धारावीतल्या माणसाला हाकलून नदी स्वच्छ करणे म्हणजे एका अन्यायावर दुसरा अन्याय. पण कामाचा क्रम तरी उचलता येईल.

मुंबईत सध्या क्रम उलटा आहे आणि त्याची दोन सुबक उदाहरणे किनाऱ्यावरच उभी आहेत. गिरगाव चौपाटीवर आणि दादर चौपाटीवर पालिकेने लोकांना समुद्र पाहायला प्रेक्षक-सज्जे बांधले. दोन्ही पावसाळी पाण्याच्या पातमुखांवर. कल्पना देखणी आहे, जागा वाया गेली नाही, संध्याकाळी तिथे खरोखर गर्दी असते. फक्त वाऱ्याची दिशा बदलली की लोक एका बाजूहून दुसऱ्या बाजूला सरकतात. पातमुख झाकून त्यावर बाक टाकणे सोपे होते. त्यातून बारमाही येणारे पाणी थांबवणे हे दुसऱ्या खात्याचे काम.

ते दुसरे खाते हाच गुंत्याचा मध्य आहे. पर्जन्यजल खाते म्हणते, आमच्या नाल्यात मैला येतो तो मलनिःसारण खात्याने रोखावा. मलनिःसारण खाते म्हणते, झोपडपट्टीत वाहिनी टाकायला जागा नाही. इमारतीच्या चोरट्या जोडणीवर कारवाई करायची ती विभाग कार्यालयाने, विभाग कार्यालय म्हणते मनुष्यबळ नाही. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ किनाऱ्यावर नमुने घेते, आकडे प्रसिद्ध करते, नोटिसा काढते. त्यात मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि त्यानंतरचे काही पावसाळे विभागातल्या माणसाला जाब विचारायला निवडून दिलेला प्रतिनिधीच नव्हता. ७४ हजार कोटींहून मोठा अर्थसंकल्प असलेल्या (२०२५-२६ चा हा आकडा) महापालिकेला पैशाचे कारण सांगता येत नाही.

कोकणातल्या आणि गोव्यातल्या लहान शहरांना अजून थोडी सवलत आहे. पणजीत सांतिनेजच्या ओहोळाची जी अवस्था झाली ती पाहून ताळगाव-पणजीकरांनी कैफियती मांडल्याच. रत्नागिरी, मालवण, अलिबाग इथे नाले अजून आठवणीने ‘पऱ्या’, ‘व्हाळ’ म्हणून ओळखले जातात, आणि दिवाळीनंतर त्यांतले काही खरोखर आटतात. पण पर्यटकांसाठी लॉज वाढताहेत, प्रत्येकाची टाकी जमिनीत, आणि टाकीचा ओघळ बहुतेक वेळा सोयीच्या दिशेने. तिथल्या नगरपरिषदांना बोगदे खणायचे नाहीत की सात केंद्रे बांधायची नाहीत. लॉजच्या परवान्याबरोबर त्याचे सांडपाणी कुठे जाते ते एकदा जाऊन पाहिले तरी पुष्कळ काम होईल. उशीर झाला की मुंबईचा खर्च येतो.

मुंबईत मोजमाप बदलायला हवे. गाळाच्या टनांवर आणि टक्क्यांवर नव्हे, तर डिसेंबरमध्ये नाला किती कोरडा आहे यावर खात्याची परीक्षा घ्यावी. १८६ पातमुखांवर, ओहोटीच्या वेळी, दर डिसेंबरात किती पाणी वाहते ते मोजावे आणि विभाग कार्यालयाच्या दारात फळ्यावर लिहावे. मागच्या डिसेंबरपेक्षा ते कमी झाले असेल तर काम झाले. नसेल तर गाळ कितीही निघो, काम झाले नाही. यावर इंजिनीयर एक रास्त हरकत घेतील. सगळेच पाणी सांडपाणी नसते, काही जमिनीतून पाझरते, काही फुटलेल्या जलवाहिनीचे असते. खरे आहे, पण ते वेगळे काढता येते. पाझराच्या पाण्यात अमोनिया आणि विष्ठेतले जिवाणू जवळपास नसतात, आणि पालिकेच्या शुद्ध केलेल्या पाण्यात क्लोरीनची खूण सापडते. आपल्याकडच्या मानकाप्रमाणे बीओडीची चाचणी २७ अंशांवर तीन दिवसांची असते. डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात ओहोट्या गाठून नमुने घेतले, तर महिना संपायच्या आत १८६ नोंदींची यादी तयार होते. महापालिकेचा अर्थसंकल्प फेब्रुवारीच्या सुरुवातीला मांडला जातो. त्यात कोणत्या विभागाला मलवाहिनीच्या जोडण्यांसाठी पैसे आधी द्यायचे, हे त्या यादीवरून ठरवायला जानेवारीचा अख्खा महिना हातात उरतो.